कापोलीचा फोल्डर

उघडतो, आणि मिटतो.
ना चूक सांगतो, ना माफी मागतो.
पहिल्या ओळीतले तीन चेहरे उमटतात न उमटतात
तोवर खिडकीच गायब. मागे नुसती मलप्रभा,
डेस्कटॉपवर मीच लावलेली.

खानापुरात स्टेशन रोडला माझं दुकान:
झेरॉक्स, लॅमिनेशन, मराठी-कन्नड डीटीपी.
उद्या अकराला स्मरणिका बेळगावला छापायला जायची,
कापोलीच्या शाळेची पन्नास वर्षं,
माजी विद्यार्थ्यांचे चारशे बारा फोटो,
आणि फाइल मॅनेजर दारातच मान टाकतो.

बंद केलं, चालू केलं.
लग्नपत्रिका उघडतात, पाणीपट्टीचे अर्ज उघडतात,
पंचायतीचा फ्लेक्ससुद्धा उघडतो,
ज्याचे पैसे अजून आलेले नाहीत.
कापोली म्हटलं की पडतो.

हुबळीला विरूपाक्षला फोन लावला.
मशीनवर लिनक्स त्यानंच घातलेलं,
फुकट आहे अक्का, आणि पडत नाही, म्हणून.
"येन आयतु?"
"पडतंय."
तो हसला नाही, हे त्याचं चांगलं.
"चित्रावर टिचकी मारू नको. टर्मिनलमधून हाक मार त्याला.
मरताना काय बोलतो ते ऐक."

ऐकलं.
काळ्या पाटीवर भराभर ओळी,
शेवटी दोन शब्द: सेगमेंटेशन फॉल्ट.
म्हणजे?
"म्हणजे हद्दीबाहेर हात घातला त्यानं.
जी जागा त्याची नव्हे, तिथं. सिस्टिमनं तिथंच संपवला."
हद्दीचं खानापूरकरांना शिकवतोस होय,
असं तोंडावर आलं होतं. गिळलं.
उद्याचे अकरा डोक्यावर होते.

मग त्यानं दोनच अक्षरं टाइप करायला लावली, एल आणि एस,
आणि चारशे बारा नावं सरसर खाली उतरली.
एकसुद्धा अडखळलं नाही.
टर्मिनल नुसती नावं वाचतं,
चेहऱ्याकडे बघतच नाही.
फाइल मॅनेजरला हौस: प्रत्येकाचा चिमुकला चेहरा
आधी काढून दाखवायची.
कुणाचा तरी त्याला झेपत नव्हता.

"अर्धे अर्धे कर, अक्का."
दोनशे सहा बाजूला. उघडलं. पडला.
एकशे तीन. पडला.
त्यातले बावन्न. नाही पडला, म्हणजे उरलेल्यात आहे.
चहा गार झाला. यूपीएस दोनदा ओरडला.
नवव्या खेपेला एकटाच उरला:
टोपाण्णा गुरव, सातवी, शहाऐंशी.

दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये तो उघडला, पण कपाळापर्यंतच.
कौलं, टोपी, कपाळ,
भुवयांच्या खाली राखाडी पट्टा.
तेव्हा आठवलं:
लाइट जाईल म्हणून पेनड्राइव्ह
मीच घाईनं उपटला होता.
फॉल्ट कुणाचा, ते कळलं.

त्याला बाजूला काढला. फोल्डर उघडला, उघडाच राहिला.
चारशे अकरा. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
चारशे अकरा काय कमी आहेत?
पण काळ्या खिडकीत यादी तशीच होती,
आणि यादीत तो होता.

पेनड्राइव्हवाले गुरुजी लेकीकडे बेंगळूरला.
शेवटी गुरवांचा नंबर मिळाला. बाई म्हणाल्या,
"भिंतीवर एकच आहे. न्यायचा नाही. इथंच काय ते करा."
स्कूटरनं गेले. फ्रेमचे खिळे उलथन्यानं काढले त्यांनी.
मोबाइलमध्ये तीनदा घेतला,
दोन वेळा माझीच सावली आली.

रात्री कॉपी करताना पट्टी संपल्यावरही
मनात पन्नासपर्यंत मोजलं,
मगच वायर काढली.

अर्धा टोपाण्णा मी पुसला नाही.
विरूपाक्षनं मागून घेतलाय,
ज्यांनी हा प्रोग्रॅम लिहिला त्यांना पाठवायला.
बाईंना विचारलं तर म्हणाल्या,
कपाळच आहे न्हवं, पाठवा.
कुठल्या देशात कोण बसलंय, ठाऊक नाही,
पण त्याच्या टेबलावर आत्ता
कापोलीची कौलं असतील,
एक टोपी,
आणि त्याखाली
नेमकं काय बिघडतं, ते शोधत असेल.